पिल्लांची पाठवणी

‘सुट्टीआधी मुलांना दोन नीमो द्या ना,’ असा मंडळातून आग्रह होतो. आमच्या घरी वाढलेली क्लाउनफिशची पिल्ले जरूर देऊ, पण ती कोरडे दाणे खाऊ लागल्यावरच. आधी तुमच्या टाकीतल्या पाण्याचा खारटपणा कळवा. आमचे पाणी आठवडाभरात हळूहळू तेवढे करू. घरी नेऊन तासभर थेंब थेंब पाणी मिसळणे आम्हाला मान्य नाही. बंद पिशवीत माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, म्हणून अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. गेल्या वर्षी अशा तासाभरात आमचीच चार पिल्ले गेली. बंद पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगवा, मग पिल्लू जाळीने अलगद सोडा. पिशवीतले पाणी मोरीत! आणि दुबईच्या उन्हाळ्यात थर्मोकोलची पेटी घेऊनच या.