हळदीचं घोडं अडतं कुठे?

हळदीच्या पेटंटची लढाई भारताने १९९७ मध्ये अमेरिकेत जिंकली. हळदीतून कर्करोगाचं औषध काढण्याची लढाई मात्र रेंगाळली आहे. प्रयोगशाळेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींना रोखणारं हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं आणि शरीरात त्याचं झपाट्याने विघटन होतं.

म्हणून ते कायटोसानच्या नॅनोकणांत भरून मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचवायची कल्पना. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानवर धनभार असतो, मोठ्या आतड्यातल्या श्लेष्मावर ऋणभार. दोघं एकमेकांना धरतात. पण कायटोसान जठरातल्या आम्लातच विरघळू लागतं, त्यामुळे वरून आम्लात टिकणारं आवरण हवं. शिवाय श्लेष्माचा थर सतत नवा होतो आणि चिकटलेले कणही सोबत घेऊन जातो!

एवढं सगळं बाकी असताना ‘कर्करोगावर हळद’ म्हणत कॅप्सूल विकणं ही चक्क फसवणूक आहे. सरकारी निधी उंदरांवरच्या आणखी एका शोधनिबंधापेक्षा रुग्णांवरच्या काटेकोर चाचण्यांना मिळायला हवा.