खासदार मशालीचा, आमदार धनुष्यबाणाचा: कळमनुरीच्या मतदाराने नेमकं काय ठरवलं?

२०२४ हे वर्ष हिंगोलीसाठी दोन निकालांचं वर्ष होतं आणि हे दोन्ही निकाल एकमेकांच्या उलट होते.

४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. हिंगोलीत ठाकरेंच्या शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर १ लाख ८ हजार ६०२ मतांनी जिंकले. शिंदेंच्या शिवसेनेचे बाबुराव कदम कोहळीकर हरले.

२३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला. हिंगोली लोकसभेत येणाऱ्या सहाच्या सहा जागा महायुतीने घेतल्या. गंमत म्हणजे जूनमध्ये हरलेले कोहळीकरच हदगावमधून आमदार झाले.

या सहा जागांपैकी सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कळमनुरीची. कारण २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा इथल्या आमदाराने काय केलं हे अख्ख्या महाराष्ट्राने मोबाईलवर पाहिलं होतं. त्यामुळे 'पक्ष बदललेल्या आमदाराला मतदार शिक्षा करतो का?' या प्रश्नाचं उत्तर अनेक जण कळमनुरीत शोधत होते.

मतदारांनी उत्तर दिलंही. पण ते समजून घ्यायचं असेल, तर आधी मतदारसंघाचा इतिहास बघावा लागेल.

आधी सातवांचं कळमनुरी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्ह्यात वसमत, कळमनुरी आणि हिंगोली असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. कळमनुरीत कळमनुरी तालुका आणि औंढा नागनाथ तालुक्याचा भाग येतो. हळद, सोयाबीन आणि कापूस ही इथली महत्त्वाची पिकं.

या मतदारसंघाशी सगळ्यात जास्त जोडलं गेलेलं आडनाव म्हणजे सातव. रजनी सातव इथून काँग्रेसच्या आमदार होत्या आणि राज्यमंत्रीही झाल्या. त्यांचे चिरंजीव राजीव सातव २००९ मध्ये इथून आमदार झाले. त्यांनी शिवसेनेच्या गजानन घुगे यांना हरवलं. पुढच्याच वर्षी सातव युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले.

२०१४ ची लोकसभा आठवा. मोदी लाटेत काँग्रेसला महाराष्ट्रात फक्त दोन जागा मिळाल्या. एक नांदेड, दुसरी हिंगोली. हिंगोलीत राजीव सातव शिवसेनेच्या सुभाष वानखेडेंविरुद्ध अवघ्या १ हजार ६३२ मतांनी जिंकले होते.

सातव दिल्लीला गेल्यावर कळमनुरीत काँग्रेसने डॉ. संतोष टारफे यांना उभं केलं. टारफे आदिवासी समाजातून येतात. जागा राखीव नव्हती, तरीही ते निवडून आले. टारफेंना ६७ हजार १०४ मतं मिळाली, शिवसेनेच्या घुगेंना ५६ हजार ५६८.

पण त्या निवडणुकीत एक गोष्ट वेगळी होती. युतीही तुटली होती आणि आघाडीही. चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढत होते. म्हणजे मतं फुटणार हे ठरलेलंच होतं.

२०१९: विरोधी मतं जास्त, तरी आमदार शिवसेनेचा

२०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना पुन्हा एकत्र आले. कळमनुरीची जागा शिवसेनेकडे होती आणि उमेदवार होते संतोष बांगर. समोर काँग्रेसकडून टारफे आणि वंचित बहुजन आघाडीकडून अजित मगर.

निकाल असा लागला:

- संतोष बांगर (शिवसेना): ८२,५१५
- अजित मगर (वंचित): ६६,१३७
- संतोष टारफे (काँग्रेस): ५७,५४४

विद्यमान आमदार टारफे थेट तिसऱ्या क्रमांकावर गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवाराची मतं जोडली तर १ लाख २३ हजारांच्या पुढे जातात, म्हणजे बांगर यांच्यापेक्षा ४१ हजारांनी जास्त. ही सगळी मतं एकाच उमेदवाराला पडली असती असं म्हणता येत नाही. पण बांगर यांचा १६ हजार ३७८ मतांचा विजय तिरंगी लढतीतला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

२०२२: चाळिसावा आमदार

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरत आणि मग गुवाहाटीला गेले. बांगर तेव्हा उद्धव ठाकरेंसोबत राहिले. बंडखोरांनी परत यावं असं आवाहन करताना त्यांना रडू आवरलं नाही. तो व्हिडिओ तुफान व्हायरल झाला.

३ जुलैला विधानसभा अध्यक्षांची निवड झाली. तोपर्यंत बांगर ठाकरेंच्या बाजूने होते. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, विश्वासदर्शक ठराव होता. त्या दिवशी बांगर शिंदेंच्या गोटात दिसले. शिंदेंसोबतच्या शिवसेना आमदारांचा आकडा ३९ वरून ४० झाला. सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी ठराव जिंकला.

पुढे काय झालं?

१७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिलं. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवला. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदेंची शिवसेना हीच खरी शिवसेना असल्याचं सांगितलं आणि दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र ठरवलं नाही.

म्हणजे २०१९ ला दिलेल्या मताचं पुढे काय झालं, याचा निवाडा मुंबई-दिल्लीतच होत राहिला. कळमनुरीच्या मतदाराला बोलायची संधी मिळाली ती थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये.

२०२४: चेहरे तेच, चिन्हं वेगळी

तोपर्यंत काँग्रेसचे माजी आमदार टारफे ठाकरेंच्या शिवसेनेत आले होते. त्यामुळे लढत झाली ती अशी: बांगर यांच्याकडे धनुष्यबाण, टारफेंकडे मशाल. काही वर्षांपूर्वी शिवसेनेला हरवून आमदार झालेला माणूस आता 'आमचीच शिवसेना खरी' म्हणत मतं मागत होता. आणि सातवांच्या कळमनुरीत काँग्रेसचा पंजा मशीनवर नव्हताच.

बांगर यांना १ लाख २२ हजार १६ मतं मिळाली, टारफेंना ९० हजार ९३३. फरक ३१ हजार ८३, म्हणजे २०१९ च्या जवळपास दुप्पट.

इथे एक आकडा बघण्यासारखा आहे. २०१९ च्या तुलनेत बांगर यांची मतं ३९ हजारांनी वाढली, पण टारफेंची मतंही ३३ हजारांनी वाढली. पहिल्या दोघांची मिळून मतं २ लाख १२ हजारांच्या पुढे गेली. २०१९ मध्ये पहिल्या तिघांची बेरीज २ लाख ६ हजार होती. थोडक्यात, तिरंगी लढत आता जवळपास दुरंगी झाली होती.

पक्षफुटीमुळे चिडलेला मतदार नव्हताच, असं हा आकडा सांगत नाही. ९० हजारांहून जास्त लोकांनी विरोधात मत दिलं. पण विरोधक एकवटूनही ते पुरेसं ठरलं नाही.

सहा महिन्यांत असं काय बदललं?

*एक, प्रश्न बदलला.* लोकसभेला मत दिल्लीतल्या सरकारसाठी होतं. संविधान, सोयाबीनचा भाव आणि मराठा आरक्षण हे मुद्दे मराठवाड्यात गाजत होते. मराठा आरक्षणासाठी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये राजीनामाही दिला होता. विधानसभेला मात्र विचार झाला तो रोजच्या कामाला कोण उपयोगी पडतं याचा.

*दोन, उमेदवाराचा गोंधळ.* लोकसभेला शिंदेंनी आधी हेमंत पाटील यांचं नाव जाहीर केलं आणि नंतर बदलून कोहळीकरांना दिलं. विधानसभेला कळमनुरीत असा कोणताही घोळ नव्हता.

*तीन, लाडकी बहीण.* जुलै २०२४ पासून महिलांना महिना दीड हजार रुपये लागू झाले. लोकसभेच्या वेळी ही योजना नव्हती. राज्यभर महायुतीला तिचा फायदा झाल्याचं मानलं जातं.

मग हिंगोलीचा मतदार पक्ष बघतो की माणूस?

याचं उत्तर दोन याद्यांमध्ये सापडतं.

१९९१ पासून हिंगोलीने एकाही खासदाराला सलग दुसऱ्यांदा निवडून दिलेलं नाही. विलासराव गुंडेवार, शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा पाटील, सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि आता आष्टीकर.

आता आमदार बघा. २०२४ मध्ये जिल्ह्यातले तिन्ही विद्यमान आमदार परत निवडून आले. हिंगोलीत भाजपचे तानाजी मुटकुळे सलग तिसऱ्यांदा, कळमनुरीत बांगर दुसऱ्यांदा आणि वसमतमध्ये राजू नवघरे दुसऱ्यांदा. नवघरेंचा राष्ट्रवादी पक्षही मध्येच फुटला होता. ते अजित पवारांसोबत गेले आणि घड्याळावर जिंकले.

खासदार बदलत राहायचा आणि आमदार ठेवायचा, असा हा कौल दिसतो. यातून आमदारांना मिळणारा धडा सोपा आहे: गावागावात माणसं सांभाळली, तर पक्ष बदलला तरी चालतं.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. पक्षांतराला आळा घालायचं काम कायद्याचं होतं. कायद्याने ते अध्यक्षांकडे दिलं, अध्यक्षांनी कुणालाच अपात्र केलं नाही आणि शेवटी सगळा भार मतदारावर आला. त्याच्याकडे मात्र एकच बटण होतं. त्याच एका बटणात रस्ता, विमा, दीड हजार रुपये आणि पक्षनिष्ठा या सगळ्याचा हिशोब त्याला करायचा होता. कळमनुरीत त्या हिशोबात पक्षनिष्ठा मागे पडली.