भाला तीनच मारतो, मग घोडा मेला कसा?

आज जरा भांडायचा मूड आहे. विषय काहींना पोरखेळ वाटेल, पण वाटू दे. विषय आहे स्ट्रॅटेजी गेम्सचं डॉक्युमेंटेशन. म्हणजे खेळाबरोबर येणारं मॅन्युअल, खेळाच्या आतला कोश, माउस नेला की उघडणारी ती छोटी पिवळी चौकट, सगळं आलं त्यात. माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर, खेळ जितका गुंतागुंतीचा तितके त्याचे नियम स्वच्छ लिहिलेले पाहिजेत, आणि हे काम खेळ विकणाऱ्याचं आहे, खेळणाऱ्याचं नाही.

'एज ऑफ एम्पायर्स २' घ्या. विदर्भातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग हॉस्टेलात हा संवाद हमखास झालेला असतो: "अबे, ह्या भालेवाला तर तीनच मारते ना बे, मंग माह्या घोडा काहून मेला?" प्रश्न अगदी रास्त आहे. २००० साली आलेल्या 'द कॉन्करर्स'मधला साधा भालाईत घ्या. त्याचा हल्ला स्क्रीनवर दिसतो ३. समोरच्या नाइटची तब्येत १०० आणि चिलखत २. शाळेतलं गणित केलं तर एका घावात १, म्हणजे नाइटला मारायला शंभर घाव. प्रत्यक्षात तो सात घावांत आडवा होतो. कारण भालाइताला घोडदळाविरुद्ध आणखी १५ मिळतात, आणि हे १५ कुठेच दिसत नाहीत. मदतीच्या ओळीत फक्त लिहिलंय, घोडदळाविरुद्ध 'स्ट्राँग'. अरे पण किती स्ट्राँग? थोडा की पंधरापट? इथे सगळा डाव त्या आकड्यावर उभा आहे. ६० अन्न आणि ७५ सोनं घालून उभा केलेला नाइट ३५ अन्न आणि २५ लाकडाच्या पोराकडून मरतो, हे या खेळाचं मर्म आहे, आणि नेमकं तेच लिहिलेलं नाही.

हे आकडे कोणी शोधले? खेळणाऱ्यांनीच. रात्र रात्र बसून, एकेक घाव मोजून, फायली उघडून, तक्ते करून. त्यांचं कौतुक आहेच. पण कंपनीच्या माणसाला जे पाच मिनिटांत लिहिता आलं असतं ते हजारो लोकांनी हजारो तास घालून शोधायचं, याला मी तरी 'कम्युनिटीची ताकद' म्हणणार नाही. आमच्या धंद्यात याला रीवर्क म्हणतात.

पूर्वी असं नव्हतं हो. १९९१ सालच्या पहिल्या 'सिव्हिलायझेशन'बरोबर जाडजूड मॅन्युअल यायचं, शिवाय खेळाच्या आत 'सिव्हिलोपीडिया' होता. कुठला शोध लावायला आधी काय लागतं, कुठली इमारत काय देते, सगळं एका ठिकाणी. गंमत म्हणजे तेच मॅन्युअल कुलूपही होतं. खेळ मध्येच विचारायचा की अमुक शोधासाठी आधी कुठले शोध लागतात, आणि उत्तर पुस्तकात बघून द्यायचं. पुस्तक नसेल तर तुम्ही चोर! आमच्या भंडारा-तुमसरकडे मात्र खेळ पोचले ते प्लास्टिकच्या पाकिटातल्या सीडीवर, मार्करने नाव लिहिलेले. पुस्तक हा प्रकार असतो हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. मग शिकायचं कसं? तर ज्याचा मोठा भाऊ नागपूरला शिकायला आहे त्याच्याकडून. त्याला जेवढं येतं तेवढं, आणि त्याला चुकीचं येत असेल तर चुकीचं.

माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. विचारायला कोणी असेल त्याचं डॉक्युमेंटेशनवाचून फारसं अडत नाही. अडतं ते लाखांदूरला एकटं बसून शिकणाऱ्या पोराचं. ऑफिसातही हेच चित्र. "कोड हेच डॉक्युमेंटेशन" असं छातीठोक सांगणारे बहुतेक वेळा तो कोड स्वतः लिहिलेले सीनियर असतात. शुक्रवारी त्यांचा शेवटचा दिवस असतो, दोन तासांचं नॉलेज ट्रान्सफर होतं, तेही निरोपाचा केक कापायच्या आधी घाईघाईत, आणि सोमवारी नवा पोरगा रिकाम्या विकी पानाकडे बघत बसतो. असो.

लिहिलेलं नसलं की काय होतं याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे अण्वस्त्रवाले गांधीजी. ही कथा तुम्ही ऐकली असेलच. 'सिव्हिलायझेशन'मध्ये गांधींची आक्रमकता होती १, लोकशाही स्वीकारली की ती २ ने कमी व्हायची, उणे एक साठवायला जागा नाही म्हणून ती फिरून २५५ झाली, आणि सेवाग्रामचे संत अणुबॉम्ब टाकत सुटले. इंजिनिअर मंडळींना ही कथा इतकी आवडते की इंटिजर ओव्हरफ्लो शिकवताना ती सर्रास सांगतात. आणि ती खोटी आहे. २०२० साली आपल्या आत्मचरित्रात स्वतः सिड मायर यांनीच सांगितलं की असा बग कधी नव्हताच. २०१० च्या 'सिव्हिलायझेशन ५'मध्ये गांधींचं अण्वस्त्रप्रेम मुद्दाम वाढवून ठेवलं होतं ते खरं, पण ती गंमत होती. खेळातले राजे निर्णय कसे घेतात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, म्हणून एका चटपटीत अफवेला इतकी वर्षं कोणी हटकलं नाही. रिकाम्या जागेत लोक काहीतरी भरणारच.

आता तुमचा आक्षेप. "अरे, शोधण्यातच तर मजा आहे! सगळं लिहून दिलं तर उरलं काय?" हा आक्षेप मला दर वेळी ऐकवला जातो आणि ऐकवणारा दर वेळी विजयी मुद्रेने बघतो. पण बुद्धिबळाकडे बघा ना. नियम एका बैठकीत सांगून होतात, सगळे छापलेले, कुठलंही प्यादं गुप्तपणे पंधरा मारत नाही. तरी शोधण्यासारखं संपलंय का? आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, ती काही लपवलेले नियम शोधून नव्हे. उलट आपल्याकडे देशी बुद्धिबळाचे नियम गावागणिक वेगळे असायचे. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जातं की एकच, राजाला एकदा घोड्यासारखी उडी आहे की नाही, यावर पारावर भांडणं व्हायची. पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढलेला. त्याला युरोपी नियम नव्याने शिकावे लागले, आणि ते शिकल्यावर १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं त्याने नेली. छापील नियमांनी त्याची प्रतिभा मारली नाही, तिला पटावर बसायला जागा दिली. प्रतिस्पर्ध्याच्या मनात काय आहे ते गुप्त असू द्या, नकाशावरचा अंधारही राहू द्या. पण माझ्याच सैनिकाला किती बळ आहे हे माझ्यापासून लपवणं याला रहस्य म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

थोडं विषयांतर करतो, पण गावचा माणूस आहे, राहवत नाही. खरी गुंतागुंतीची स्ट्रॅटेजी बघायची तर आमच्या जिल्ह्यातले मामा तलाव बघा. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजातल्या लोकांनी बांधलेले हे तलाव धानाला आणि उसाला पाणी देत आले. वरच्या तलावाचं जादा पाणी खालच्यात, पाळ किती उंच, सांडवा कुठे, आधी कोणाचं शेत भिजणार, मासे कोणाचे, गाळ कोणी काढायचा... एकाने चाल चुकवली की खालच्याचं धान गेलं. या खेळाला मॅन्युअल होतं बरं का! इंग्रजी अमलात जमाबंदीच्या वेळी गावागावाची 'वाजिब-उल-अर्ज' लिहिली गेली. पाणी, वहिवाट, मासेमारी यांचे गावचे रिवाज त्यात नोंदवलेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) आजही कलम १६५ वाजिब-उल-अर्जचं आणि १६१ निस्तारपत्रकाचं आहे. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे कित्येक तलावांत गाळ साचत गेला. सांभाळणारा गेला की व्यवस्था ढिली पडते, त्याला कागद एकटा पुरत नाही, हे मान्य. पण या गावात पाण्यावर हक्क कोणाचा असा वाद आजही उठला तर दाखवायला तोच जुना कागद असतो.

परत खेळांकडे. सगळेच वाईट आहेत असं नाही. 'क्रुसेडर किंग्ज ३' (२०२०) ने चौकटीच्या आत चौकट आणली. एखादा शब्द कळला नाही की त्यावर माउस न्यायचा, त्या स्पष्टीकरणातलाही शब्द कळला नाही की त्यावरही न्यायचा. खेळ तितकाच अवघड राहिला, पण नवखा माणूस पहिल्याच तासाला पळून जात नाही. 'ड्वार्फ फोर्ट्रेस'ची गोष्ट तर याहून मजेची. २००६ साली आलेला हा फुकट खेळ इतका अगम्य की २०१२ मध्ये ओरायली प्रकाशनाने त्यावर अख्खं पुस्तक काढलं. होय, तेच ओरायली, मुखपृष्ठावर प्राणी असणारे. डिसेंबर २०२२ मध्ये हाच खेळ चित्रं आणि शिकवणी घालून स्टीमवर विकायला आला, आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या प्रती लाखांनी खपल्या. म्हणजे लिहून आणि दाखवून देण्यात धंदासुद्धा आहे, हे मॅनेजर लोकांना सांगायला बरं.

आणखी एक रडगाणं, ते म्हणजे व्हिडिओ. हल्ली काहीही विचारलं की उत्तर येतं, "यूट्यूबवर आहे ना." चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत तुमचं एक वाक्य कुठेतरी एकविसाव्या मिनिटाला असतं, तेही दोन पॅच आधीचं. व्हिडिओत शब्द शोधता येत नाही, आणि पॅच आला तर त्यातली एक ओळ बदलताही येत नाही. खेळ कसा वाटतो हे बघायला व्हिडिओ उत्तम, पण नियम लिहिलेलाच हवा, आणि त्याखाली तो कुठल्या आवृत्तीसाठी आहे हेही.

भाषेचा प्रश्न आहेच. 'एज २'ची २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन हिंदीत खेळता येते, मराठीत नाही. 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) मध्ये मराठे निवडून खेळता येतं, पण मराठ्यांचे नियम वाचायचे इंग्रजीतून. मराठीची वाट बघत बसलो तर काही व्हायचं नाही.

साकोलीचा माझा मावसभाऊ अकरावीत आहे. मागच्या दिवाळीत त्याने फोन केला, "दादा, घोडे सगडे मरून रायले, काहून?" त्याला मी मराठीत तक्ता लिहून पाठवायला घेतलाय. कोण कोणाला किती मारतो, शेवटच्या रकान्यात 'का'. भालाईत, तिरंदाज आणि घोडदळ झालं. त्याने वाचून सतरा शंका काढल्या, त्यातल्या चार बरोबर होत्या. उंटांचं पान या रविवारी लिहायचं आहे.