विश्लेषण : गाय पोसलेली की हडकलेली? नजरेच्या अंदाजावर किती विसंबावे?

अमेरिकेत १ जानेवारी २०२५ रोजी गोवंशाची संख्या ८ कोटी ६७ लाख होती. १९५१ नंतरचा तो तोवरचा नीचांक होता. दुष्काळात चारा संपल्याने अनेक पशुपालकांनी गायी विकल्या, आता वासरांचे भाव चढे आहेत. अशा वेळी गाभण न राहिलेली एकेक गाय महागात पडते. ती राहील की नाही, याचा अंदाज मात्र आजही बहुतेक ठिकाणी नजरेनेच बांधला जातो.

पाहतात काय?

मांसासाठी पाळलेल्या गायींना तिथे १ ते ९ गुण देतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. कणा, फासळ्या, कमरेची हाडे, शेपटीचे मूळ आणि छाती यांवरची चरबी पाहायची. विताना प्रौढ गाय ५ आणि पहिलारू ६ गुणांवर असावी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एक गुण म्हणजे साधारण ३५ ते ४५ किलोंचा फरक.

दरवर्षी वासरू हवे असेल तर व्यायल्यावर सुमारे ८० दिवसांत गाय पुन्हा गाभण राहावी लागते. ४ गुणांची गाय माजावर उशिरा येते. २ आणि ७ तर कोणीही ओळखेल. पैसा अडकलेला असतो तो ४ आणि ५ मधल्या फरकात, आणि नजर डळमळते तीही तिथेच.

नजर का फसते?

हिवाळ्यातले दाट केस फासळ्या झाकतात. भरल्या पोटाची किंवा दिवस भरत आलेली गाय गुबगुबीत दिसते. वजनकाटाही इथे कामाचा नाही, कारण पोटातले वासरू वाढत असताना आईची चरबी झडत असू शकते. रोज पाहणाऱ्या मालकाला हळूहळू होणारी झीज जाणवत नाही. सगळाच कळप रोडावला असेल, तर त्यातली मध्यम गाय ‘बरी’ वाटते.

जातीचाही फरक पडतो. अमेरिकी ब्राह्मण गायीच्या पूर्वजांत गीर आणि ओंगोलसोबत आपल्या कृष्णाकाठची जनावरेही आहेत. या वंशात चरबी साठण्याची ठेवण वेगळी, त्यामुळे नुसत्या फासळ्या पाहून निकाल देणे धोक्याचे.

मग भरवसा कितपत?

सराव असलेली एकच व्यक्ती स्वतःशी बऱ्यापैकी सुसंगत राहते. दोन व्यक्तींत मात्र एका गुणाचा फरक सहज पडतो. चुका दोन्ही बाजूंना होत असतील तर कळपाची सरासरी तरी ठीक निघते. पण गुण देणाराच सढळ हाताचा असेल, तर सरासरीही फुगते.

खोड्यात घेऊन पाठीवर, फासळ्यांवर हात फिरवला की केसांचा अडथळा उरत नाही. दुभत्या गायींच्या गोठ्यात आता कॅमेरे गुण देतात. पण त्यांना शिकवायला बहुधा माणसांनी दिलेले गुणच वापरलेले असतात, आणि कुरणात मोकाट चरणारी गाय रोज कॅमेऱ्याखालून जातही नाही.

म्हणून गुण विण्याच्या सुमारे तीन महिने आधी द्यायचे असतात. व्यायल्यावर चूक कळली, तर वाढवलेल्या खुराकाचा मोठा भाग दुधातच जातो.