ते 'म्हणून' कुठं गेलं?

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हांला शिकवलं, अहवाल आटोपशीर हवा, मुद्द्यांत हवा. एक ठिपका आणि त्यापुढे चार शब्द. निधी देणारेही म्हणतात, 'एका पानात, बुलेट पॉइंटमध्ये द्या.' मी निमूट देत आले.

परवा एका बाईची कैफियत लिहून घेतली आणि तिला वाचून दाखवली :

• मारहाण
• मजुरी काढून घेणे
• दोन मुली, मुलगा नाही
• माहेरी परतणे

ती म्हणाली, "ताई, मी माझी मजुरी मागितली म्हणून त्यानं मारलं. ते 'म्हणून' कुठं गेलं?"

ते ठिपक्यांनी गिळलं होतं! ठिपक्यांची यादी सांगते की या साऱ्या गोष्टी सारख्याच, आधी-नंतर काही नाही. क्रम सांगायचा तर आपण आकडे घालतो. वाणसामानाच्या यादीला ठिपके चालतात. मीठ आधी लिहा नाहीतर तेल. पण आधी काय घडलं, कशामुळे घडलं, यातच बाईवरचा अन्याय दिसतो. शिवाय नुसत्या 'मारहाण' या शब्दात मारणारा कुठंच नाही. आणि 'मुलगा नाही' हे त्याच रांगेत बसलं, जणू तो तिचाच दोष!

याद्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा घ्या. २००६ च्या नियमांत घटना अहवालाचा नमुना आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक अशा हिंसेच्या प्रकारांपुढे खुणा करायच्या असतात. टोमणे मारणं, पैसे हिसकावणं हीही हिंसा आहे, हे या यादीमुळे बाईला उमगतं. एकेक वाचून दाखवलं की ती म्हणते, "हेही होतं." पण त्याच नमुन्यात तारीख, जागा, वेळ आणि हिंसा करणारी व्यक्ती यांचेही रकाने आहेत. घाईत मी नुसत्या खुणा करत गेले, तर तो कायदाही मीच लंगडा करते.

तेव्हा कोर्टात न्यायच्या कागदांची यादी जरूर ठिपक्यांत करू या. बाईची कैफियत मात्र पुऱ्या वाक्यांत लिहू या : कोणी केलं, कधी केलं, कशावरून केलं. आणि सही-अंगठ्याआधी तिला वाचून दाखवू या. पानं वाढली तर वाढू देत. निधी देणाऱ्यांना दुसरं पान उलटावं लागेल, एवढंच ना?