तारेला टन ठाऊक नसतात

तारेचा रोध तिच्या लांबी-जाडीवर अवलंबून असतो, हे शाळेत आपण सर्वांनीच पाठ केले आहे. परंतु तार ताणून दुप्पट लांब केली तर तिचा रोध किती होईल, असे आमच्या कला शाखेच्या वर्गात विचारून पाहा. बहुतेक जण ‘दुप्पट’ म्हणतील. वास्तविक तो चौपट होतो. तेवढ्याच धातूतून दुप्पट लांबी काढायची म्हणजे तार बारीक होणारच. छेद निम्मा उरतो. विजेची वाट लांबते आणि अरुंदही होते.

‘आम्हां कलावाल्यांना हे काय करायचे?’ असे कोणी म्हणेल. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा ऊस साखर कारखान्याच्या काट्यावर जातो. त्या इलेक्ट्रॉनिक काट्याखाली पोलादी ठोकळे असतात आणि त्यांवर धातूची अतिशय पातळ नागमोडी पट्टी चिकटवलेली असते. भाराने पोलाद किंचित वाकते. पट्टी कुठे ताणली जाते, कुठे दाबली जाते. हजारात एक भाग ताण बसला तर रोध हजारात सुमारे दोन भाग वाढतो. भार उतरला की पूर्ववत. ताणाने तारेचा रोध बदलतो हे विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५६ साली मांडले. १९३८ मध्ये अमेरिकेत त्यातून ताण मोजण्याचे साधन घडले.

पण तारेला टन ठाऊक नसतात! तिचा फक्त रोध बदलतो. किती बदलाला किती टन म्हणायचे, हे प्रमाणित वजने ठेवून माणूस ठरवतो. म्हणून ‘इलेक्ट्रॉनिक काटा, तो चुकेल कसा?’ हे मला पटत नाही. काटामारीची तक्रार शेतकऱ्यांच्या तोंडी जुनीच आहे. ती कुठे खरी, कुठे खोटी, हे तपासल्यावाचून कळणार नाही. रिकाम्या काट्यावर शून्य दिसते का, पडताळणीचा शिक्का मुदतीतला आहे का, हे विचारायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही.

विज्ञानाचा विद्यार्थी बहुधा पुण्या-मुंबईला जातो. गावात राहून सोसायटीचा सभासद होतो, काट्यासमोर उभा राहतो, तो आपल्यातलाच. तेव्हा शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापकांना आठवड्यातून एक तास आपल्याकडे बोलवावे, अशी माझी सूचना आहे. परीक्षा नको, गुणही नकोत. पहिल्या तासाला एक तार, एक सेल आणि एक मीटर एवढे साहित्य पुरे.