आधी पाणी, मग प्लॉट

मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी! त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावे लागले होते. पुढे पाऊस झाला, मांजरा धरणात पाणी आले आणि राज्यकर्ते ती गाडी विसरून गेले. शहर मात्र वाढतच आहे.

१९७१ मध्ये लातूरची वस्ती ७० हजारांच्या घरात होती. २०११च्या जनगणनेत ती ३ लाख ८२ हजारांवर गेली. १९८२ मध्ये जिल्हा झाला, बाजारपेठ फुगली, शिकवण्यांसाठी गावोगावची मुले आली. कोरडवाहू रानावर भागेना म्हणून शहर गाठणाऱ्यांना बोल लावणे अन्यायाचे आहे. वस्ती पाचपट झाली तरी भिस्त धनेगावच्या मांजरा धरणावरच राहिली, आणि त्या पाण्यावर उसाचाही डोळा. तुटीच्या खोऱ्यांत असली पिके नकोत, हे राज्याच्या जल व सिंचन आयोगाने, म्हणजे चितळे आयोगाने, १९९९ मध्येच बजावले होते. ऐकले कोणी?

शहराच्या कडेची कुठलीही नवी वसाहत पाहा. रस्ता आणि गटार यायच्या आधी तिथे बोअरची गाडी येते. सात-आठशे फुटांवर ओल लागली की घर उभे राहते. काही उन्हाळ्यांत ते बोअर आटते, मग शेजारी आणखी खोल दुसरे. आपल्या काळ्या कातळात पाणी मुरते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात. खोल भेगांतले पाणी एकदा उपसले की लवकर भरून येत नाही. शेवटी जिन्याखाली निळी पिंपे आणि भिंतीवर टँकरवाल्याचा मोबाइल नंबर उरतो. ज्यांना टँकर परवडत नाही, त्या घरांतल्या बायका-पोरींनी रात्री जागून घागरी भरायच्या. हे आम्हाला संतापजनक वाटते.

मराठवाड्यातल्या प्रत्येक वाढत्या गावाची वाट याच दिशेने चालली आहे. म्हणून पाण्याचा हिशेब दाखवल्याशिवाय एकाही लेआउटला मंजुरी देऊ नये. सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना द्यावे, नळाला मीटर बसवावेत, उसाला ठिबक सक्तीचे करावे. नगरसेवक मते मागायला दारात येतील, तेव्हा वाचकांनी रस्त्याआधी एकच विचारावे: या प्रभागाचे पाणी कुठून येणार आणि किती वर्षे पुरणार? उत्तर लेखी मागावे.